चहाच्या सुट्टीतला प्रश्न

बाई, शहरात भरणाऱ्या तंत्रज्ञान परिषदेला मी जाणार की नाही, हे उद्या ऑफिसात कळवायचे आहे, आणि विचारावे असे तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही. शेजारच्या टेबलावरचा सहकारी पुण्याचा. तो म्हणतो, "कशाला दोन दिवस घालवतेस? भाषणं सगळी नंतर नेटवर येतात. तिथं नुसता चहा पितात आणि कार्डं वाटतात." त्याचे म्हणणे खोटे नाही. पण मला भीती भाषणांची नाहीच. ती आहे त्या चहाची. सगळे घोळक्याने उभे असतात आणि मी कप धरून भिंतीवरच्या सूचना वाचत राहते.

जामबागेतली आपली मराठी शाळा आठवते. पाहुण्यांचे व्याख्यान संपले की वर्गातल्या पहिल्या क्रमांकाने आभार मानायचे, हा तुमचा रिवाज. त्या शनिवारी पाहुणे उपग्रहांवर बोलणार होते, म्हणून मी आभार आधीच लिहून पाठ केले होते. ते मात्र तासभर स्वतःच्या नापास होण्याविषयीच बोलले. तरीही मी उठते आणि उपग्रहांबद्दलच्या मौलिक माहितीसाठी त्यांचे ऋण व्यक्त करते. वर्ग हसून लोळतो. तुम्ही हसत नाही. "आभार घरूनच शिजवून आणलेस होय? मग ऐकायला कशाला बसलीस?" एवढे बोलून तुम्ही माझ्या हाती चहाचा ट्रे देता. "पाहुण्यांना नेऊन दे. एक तरी प्रश्न विचारल्याशिवाय परत यायचं नाही."

दारातली शाळेची मावशी म्हणते, "जाओ ना बेटी, डरते कायकू? खाते नहीं वो."

मी कसेबसे विचारले, "नापास झाल्यावर घरी काय सांगितलंत?" चहा पार निवेपर्यंत ते माझ्याशी बोलत राहिले, त्यातले एक वाक्यही व्याख्यानात नव्हते. शेवटी त्यांनी विचारले, "आणि तू कधी नापास झालीस?" मी म्हणाले, "आत्ताच." ते खळखळून हसले, आणि कपबश्या गोळा करता करता तुम्हीही.

तुम्ही गेलात तेव्हा साथीमुळे कुणालाच घराबाहेर पडता येत नव्हते. तुमची शोकसभा मी नल्लकुंट्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत, मोबाइलवर पाहिली. शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू आला. मग पडदा काळा झाला. जिन्यात थांबून कुणाचा हात धरावा, तुमच्या लेकीला ट्रेची ती गोष्ट सांगावी, यासाठी ना जिना होता ना कुणी माणूस. ती सभा आजही हवी तेव्हा पाहता येते. मी ती पुन्हा एकदाही उघडलेली नाही.

म्हणून उद्या ऑफिसात "जाते" असे कळवणार आहे. हे पत्र कुठे धाडणार, ते इथेच थांबवते. फक्त एक सांगायचे राहिले, बाई. चहाच्या वेळी विचारायचा प्रश्न मी आत्ताच लिहून पाठ केला आहे.