दोन चॅलेंज

रविवार, ४ जानेवारी २००९
कमिटीने माझी सूचना मान्य केली. पापडीच्या टूर्नामेंटमध्ये रिप्ले! गेल्या वर्षी श्रीलंकेतल्या टेस्टमध्ये जे झालं, ते वसईत मी आणलं. प्रत्येक टीमला मॅचमध्ये दोन चॅलेंज. कोचने, म्हणजे आमच्याकडून मी, उभं राहून हाताने T करायचा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या ॲन्सेल्मचा कॅमेरा, मंडपात टीव्ही. अंपायरची चूक स्पष्ट दिसली तर निकाल फिरणार, चॅलेंज शाबूत. नाहीतर चॅलेंज गेलं.

अंपायर सॅन्टन. एके काळी आम्ही दोघं ओपनिंगला जायचो. गेल्या फायनलला त्याने आमच्या शेवटच्या गड्याला रनआउट दिलं, तेव्हापासून बोलणं बंद. आता त्याच्या चुका अख्खं गाव बघेल. अर्थात, वैयक्तिक काही नाही.

११ जानेवारी
जिंकलो. दोन्ही चॅलेंज गेली. कॅमेऱ्याचा अँगल चुकीचा होता. विनया म्हणाली, "सॅन्टनचा अँगल बरा दिसतोय." माझी बायको असून असं बोलते.

१८ जानेवारी
सेमीफायनल जिंकलो. चॅलेंज पुन्हा दोन्ही गेली. आमचा बॅट्समन जितेश म्हणाला, "सर, एखादं शेवटासाठी ठेवा ना." विचारलं, कोच कोण? गोखिवऱ्याच्या कारखान्यात टेम्पररी आहे बिचारा. फायनलला एका कंपनीच्या टीमचे लोक त्याला बघायला येणार. आवडला तर पर्मनंट नोकरी.
संकल्प: फायनलला एक चॅलेंज जितेशसाठी राखून ठेवायचं. काहीही झालं तरी.

२५ जानेवारी
आमची फील्डिंग. पहिल्याच ओव्हरला सॅन्टनने वाईड दिला. चॅलेंज केलं. वाईडच होता. सॅन्टन माझ्याकडे बघून हसला. निदान मला तसं वाटलं. पुढच्याच अपीलवर दुसरं चॅलेंज. तेही गेलं. माणूस किती सहन करणार?

मग आमची बॅटिंग. जितेश दुसऱ्या बॉलला कॉटबिहाइंड. बॉल पॅडला लागला होता, बॅट कुठच्या कुठे! जितेशने मंडपाकडे बघितलं. मी T केला. सॅन्टन जवळ येऊन म्हणाला, "चंदू, तुझी दोन्ही संपली." वर्षभराने बोलला, तेही हे.
ॲन्सेल्मने तरी रिप्ले लावला. साफ नॉटआउट! "बघा, सॅन्टन चुकला!" मी ओरडलो. बाकी कोणीच ओरडलं नाही. जितेश पॅड सोडत होता. कंपनीवाले निघून गेले. हरलो.

२६ जानेवारी
दोष नियमाचा. चॅलेंज तीन हवीत. कमिटीला सांगणार.

१ फेब्रुवारी
विनयाने बातमी आणली. सॅन्टन रिप्लेची कॅसेट घेऊन त्या कंपनीत गेला होता. म्हणाला, "चूक माझी. गडी नॉटआउट होता. त्याला एकदा खेळवून बघा." जितेशला ट्रायलला बोलावलंय.
म्हणजे सॅन्टनने चूक कबूल केली! माझ्या रिप्लेमुळेच. हे सांगायला जितेशला फोन केला. उचलला नाही.

२२ फेब्रुवारी
जितेश पर्मनंट झाला. पेढे घेऊन दारात आला होता. मी हॉलमध्येच बसलो होतो, शर्ट बदलून. त्याने विनयाच्या हातात बॉक्स दिला, वाकून नमस्कार केला आणि दारातूनच जिना उतरला.
घाईत असेल.