कामथडीवर तेवीस लाल ठिपके

२ डिसेंबर १९७४, सोमवार. वेल्हे.
भोरला मासिक मीटिंग. आम्ही बारा मलेरिया वर्कर, एक डॉक्टरसाहेब, चहा गार. माझा रिपोर्ट वाचला गेला : वेल्ह्याच्या डोंगरी भागात वर्षभरात हिवतापाचा रोगी एकही नाही. कौतुक होणार म्हणून मी कॉलर सारखी केली. तेवढ्यात कामथडी भागाचा वर्कर मानसिंग उठला आणि म्हणाला, सावळारामच्या भागात डासांना डोंगर चढवत नसेल. सगळे हसले. साहेब हसले. शिपाईसुद्धा हसला, ते जास्त लागलं.
मार्चमध्ये इन्स्पेक्टरची एक जागा भरणार आहे. मी किंवा मानसिंग. म्हणजे मीच.
संकल्प : मानसिंगचा सूड घेणे. रोज पहाटे पाचला उठणे.

३ डिसेंबर, सकाळी ९.
पाचला जाग आली होती. थंडी फार. अंथरुणातच सुडाचा विचार केला, तेही कामच आहे.
साहेबांनी काल नवीन सर्व्हे काढला. भोर-वेल्ह्यातल्या शाळकरी पोरांचं रक्त काचेवर घ्यायचं, पोट चाचपून पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे का बघायची आणि हिवताप कुठं कुठं पसरलाय ते नकाशावर दाखवायचं. एक पॉझिटिव्ह पोर, एक लाल ठिपका. नकाशा काढायला मी हात वर केला. साहेबांना वाटलं, हौस आहे.
लाल शाईची दौत आणली. सुरुवात कामथडीच्या शाळेपासून. मानसिंगच्या भागात, त्याच्या नाकावर टिच्चून.

५ डिसेंबर, गुरुवार.
कामथडी. चौऱ्याऐंशी पोरं. पाणथऱ्या अशा सापडल्या की हात लावताच आनंद झाला. पोरांसाठी वाईटही वाटलं, पण नंतर. बनी म्हणून एक नऊ वर्षांची मुलगी, तिची तर बेंबीपर्यंत आलेली. अंग तापलेलं, बाकावरच आडवी झाली. दुखतं का विचारलं, तर म्हणाली, न्हाई, आमच्या वाडीत समद्या पोरांचं प्वाट आसंच आसतं. अख्खी वाडी! कामथडीचीच असणार एखादी.
गोळ्या लगेच द्यायच्या असतात. गोळ्यांची पिशवी वेल्ह्यालाच राहिली. दौत मात्र आठवणीने नेली होती.
तिथले कुंडलिक गुरुजी फार मध्ये मध्ये करतात. म्हणाले, यातली बरीचशी वसतिगृहातली आहेत, दिवाळीची सुट्टी घरी काढून आलीत, रजिस्टर देतो, ज्याचं त्याचं मूळ गाव लिहून घ्या. मी त्यांना समजावलं. फॉर्मात गावाचा रकाना एकच. शाळा कामथडीत, पोर कामथडीत, रक्त काढलं कामथडीत. मग गाव कामथडी. चौऱ्याऐंशी वेळा लिहिलं. बोटं दुखली, पण समाधान वाटलं. शिक्षकाला खात्याचं काम काय कळणार.
परतताना मानसिंग भेटला. चहा घे म्हणाला. घेतला नाही. पार तळमळलो, पण घेतला नाही.

१२ डिसेंबर.
पुण्याहून रिपोर्ट आला. तेवीस पॉझिटिव्ह! मी घरात ओरडलोच. हिने स्वयंपाकघरातून येऊन विचारलं, काय झालं, बढती मिळाली का? म्हटलं, तेवीस पोरांना हिवताप. ती कपाळावर हात मारून आत गेली. बायकांना ऑफिसातलं राजकारण कळत नाही.

१३ डिसेंबर.
नकाशा पूर्ण. तेवीस ठिपके एका गावात मावेनात, कामथडी लाल होऊन पार सातारा रस्त्यावर आली. माझा भाग पांढराशुभ्र. सर्व्हेच्या मीटिंगसाठी वाक्य तयार : डासांना सपाटीवर राहायला बरं पडत असेल. आरशासमोर चौदा वेळा म्हटलं.
पहाटे पाचचा संकल्प सोमवारपासून.

१६ डिसेंबर, सोमवार. भोर.
नकाशा भिंतीला लावला. वाक्य टाकलं. मानसिंगचा चेहरा उतरला. ती दोन मिनिटं मी जन्मभर विसरणार नाही.
तिसऱ्या मिनिटाला त्याने पिशवीतून वसतिगृहाचं रजिस्टर काढलं. तो परवाच शाळेत जाऊन आजारी पोरांना गोळ्या देऊन आला होता, तेव्हा गुरुजींनी दिलेलं. साहेब एकेक नाव आणि मूळ गाव वाचू लागले. वरची वाडी, वेल्हे. वरची वाडी, वेल्हे. साहेबांनी मलाच नवीन नकाशा काढायला बसवलं. बावीस ठिपके माझ्या हाताने माझ्या भागात. तेविसावा खरंच कामथडीचा निघाला. तेवढा मी ठसठशीत काढला.
मानसिंगने लाल दौत माझ्या हाताशी सरकवून दिली. याचा सूड वेगळा घ्यावा लागेल.

१८ डिसेंबर.
साहेब, मानसिंग आणि मी गोळ्या घेऊन वरच्या वाडीला. चढण उभी. माझा भाग असून वाट मानसिंगने विचारत विचारत काढली.
पहिलंच घर बनीचं. तिचा धाकटा भाऊ घोंगडीत कुडकुडत होता. त्याच्याच वर भिंतीवर आमच्या खात्याची चौकट. आम्ही महिन्यातून दोनदा प्रत्येक घरी जाऊन ताप आहे का विचारतो आणि तिथं तारीख घालून सही करतो. नियम तसा आहे. साहेबांनी चौकट वाचली. प्रत्येक तारखेपुढे 'ताप नाही', सही सावळाराम. शेवटची तारीख १८ जून १९७५.
साहेबांनी मला विचारलं, आज तारीख काय? मी सांगितली.
बनीची आई सगुणाबाई माझी बाजू घ्यायला पुढे आली. म्हणाली, ह्ये सायेब लई चांगलं हायती, दसऱ्याला आलं, च्या घेतला, म्हनलं चढन लई अवघड हाय, आन् येकदाच बसून समदं लिवून गेलं. आमाला कंदी तरास दिला न्हाई.
पेन एकच होतं, शाई सुकेल म्हणून मी सलग लिहिलं होतं. हे साहेबांना सांगितलं नाही. त्या पोराकडे बघून मला लाज वाटली. मानसिंगने त्याला मांडीवर घेऊन गोळी चारली, त्याचा मला फार राग आला.

२ जानेवारी १९७५, गुरुवार.
मानसिंग इन्स्पेक्टर झाला. मार्चची वाट बघितली नाही. आता माझ्या भेटी तोच तपासणार.
पहाटे पाचला उठलो. एकटाच वरच्या वाडीला गेलो. दोनदा बसलो, एकदा पडलो. घरोघर ताप विचारायचा, गोळी द्यायची, सही करायची, असं ठरवूनच गेलो होतो. सगुणाबाई दारातच होती. मला बघून तिला नवल वाटलं. भिंतीकडे बोट करून म्हणाली, सायेब, आज कशापायी आलासा? आजची सही तर तुमी कवाच करून गेलाय.