नाकाचा राजीनामा

तीर्थरूप ताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो (मनानेच ठेवतो, कारण गुडघे आता वाकताना आवाज करतात आणि उठवायला माणूस लागतो). तुझी कंबर कशी आहे, डाव्या डोळ्यातून येणारं पाणी थांबलं का, आणि दाजींनी या वयात दाढी ठेवली हे खरं का, ते सविस्तर कळव. आम्ही दोघं ठीक. मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, नोकरी संपल्यावर मी दिवसभर करतो तरी काय. हा तुझा सूर मी लहानपणापासून ओळखतो. फुटलेल्या बरणीशेजारी मला उभं करून तू अगदी याच सुरात विचारायचीस, आणि मी उत्तराची जुळवाजुळव करेपर्यंत आत जाऊन बाबांना सांगूनही यायचीस. पन्नास वर्षं झाली, तुझ्या चहाडखोरपणाबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही. तेव्हा या खेपेला सगळं आपणहूनच सांगतो.

मी आमच्या इमारतीचं नाक आहे.

एकदम असं लिहिलं की तुला वाटेल बायकोने मला कुठेतरी नेऊन दाखवावं, म्हणून मुळापासून सांगतो. दीड वर्षापूर्वी आमच्याकडचे सिलिंडर गेले आणि नळीतून येणारा गॅस आला. तेव्हा गॅसच्या ऑफिसातला एक माणूस आला आणि जिन्यात आम्हा आठ घरांना उभं करून त्याने समजावलं, की या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाणेरडा वास मिसळतात. तो आला की दिव्याचं बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, काडी ओढायची नाही, खिडक्या उघडायच्या, कॉक बंद करायचा, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि फोन करायचा तो बाहेरूनच. यावर तळमजल्यावरच्या शिंपीणबाई (एकट्या राहतात, दोन मशिनी आणि एक मांजर) म्हणाल्या, की मग गॅस सुटला की वाजणारी घंटी मिळते ती सगळ्यांनीच बसवून घेऊ या. लोक माना डोलावू लागले होते. आणि मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी एक पायरी वर चढून बोलायला लागलो. म्हटलं, साबणाच्या कारखान्यात एकतीस वर्षं वास तपासण्याचं काम केलेला माणूस दुसऱ्या मजल्यावर राहत असताना घंटी हवी कशाला? सहा कढया एकदम उकळत असताना कुठली बिघडली ते मी दारातून सांगायचो (पाच वेळा बरोबर सांगितलं, सहाव्या वेळची गोष्ट मी जिन्यात काढली नाही). झालं. ठराव असा झाला की घंट्या नकोत, दर गुरुवारी पाच वाजता मी आठही घरं फिरून वास घ्यायचा. शिंपीणबाईंनी तेवढा हात वर केला नाही.

आता माणसाच्या हातात अधिकार आला की त्याला सुधारणा सुचतात. नुसता वास घेऊन परत यायचं म्हणजे मलाच चोरट्यासारखं वाटायला लागलं, म्हणून मी गॅसची बचतही अंगावर घेतली. शिंपीणबाईंकडून मोजपट्टी आणून आठ घरांतल्या सगळ्या भांड्यांची बुडं मोजली आणि कुठलं भांडं मोठ्या बर्नरवर, कुठलं लहान, याची यादी जिन्यात लावली. ज्योत बुडाच्या बाहेर आली की ती भांड्याला नव्हे, हवेला शिजवते, हे मी इतक्या वेळा सांगितलं की तिसऱ्या मजल्यावरचे गाण्याचे मास्तर मला पाहिलं की स्वतःच म्हणून दाखवायला लागले. ज्योत निळी हवी. पिवळी झाली की बर्नर घासायचा. कडधान्य आधी भिजवायचं. प्रत्येक भांड्यावर झाकण. या झाकणाच्या नियमाने जरा घोळ केला, कारण मास्तरांच्या सूनबाईंनी तो दुधालाही लावला, दूध उतू गेलं, त्याने गॅस विझला आणि वर नुसता सूं सूं चालू राहिला. तो मी गुरुवारच्या फेरीत पकडला (तेव्हा नाक शाबूत होतं), आणि नियमात दुरुस्ती केली, की दुधावर झाकण नाही आणि दूध ठेवून गाण्याला बसायचं नाही.

पण माझा खरा प्रयोग घरातच चालला होता. बटाटे पाऊण शिजले की गॅस बंद करायचा, पातेलं जाड पांघरुणात गुंडाळायचं आणि पुढचं शिजणं आतल्या आत होऊ द्यायचं. होतं, खरंच होतं. मात्र ऊब टिकायला जागा बंदिस्त लागते, म्हणून पातेलं आमच्या पलंगावर, दोन उशांच्या मध्ये. त्यामुळे दुपारची माझी झोप कोचावर गेली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. एकदा पहिल्या मजल्यावरचे पाट्या रंगवणारे गृहस्थ आले, त्यांना आतल्या खोलीत गळ्यापर्यंत पांघरलेलं काहीतरी दिसलं आणि ते एकदम कुजबुजत बोलायला लागले. मीही का कोण जाणे, कुजबुजत उत्तरं दिली. त्यांनी विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, अकरापासून. त्यांनी विचारलं, काही आशा? मी म्हटलं, अजून वीस मिनिटं. ते डोळे पुसत गेले, आणि संध्याकाळपर्यंत सात घरांतून सात माणसं तेव्हा आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या सासूबाईंच्या समाचाराला येऊन गेली. सासूबाई त्या वेळी चौथ्या गल्लीत पत्ते खेळत होत्या. ही त्या दिवशी माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, पण बटाटे तिने दोनदा वाढून घेतले हे मी पाहिलं.

तर ताई, इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढचं तुला म्हणून सांगतो. तीन महिन्यांपूर्वी मला सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना वासही घेऊन गेली. आधी वाटलं, येईल चार दिवसांत. मग एक दिवस मी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो असताना शेजारच्या शेगडीवर दूध जळून पातेल्याचा कोळसा झाला, आणि मी आपला शब्दकोडं सोडवत होतो. ही धावत आली, तिने गॅस बंद केला, पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, कोड्यात फार अडकलो होतो. हिने पातेलं भिजत घातलं. डॉक्टर म्हणाले, वास परत येईलही, येणारही नाही. एकतीस वर्षं ज्याच्यावर पोट भरलं ते असं पायताण विसरल्यासारखं कुठेतरी राहून गेलं. मला रडू आलं, ताई. लिहायला लाज वाटते, पण आलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आठ घरं माझ्या भरवशावर घंटीविना झोपतात, त्यांना आता कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून मी एक युक्ती काढली. गुरुवारच्या फेरीला हिला बरोबर न्यायला लागलो (वही धरायला, असं सांगून). मी डोळे मिटून तीन दिशांना तीन दीर्घ श्वास घ्यायचा, मग सहज हिच्याकडे बघायचं. हिने मान आडवी हलवली की मी गंभीरपणे म्हणायचो, काही नाही. हिला वाटायचं, मी तिचं मत आदराने विचारतो. भोळी आहे बिचारी. असे अकरा गुरुवार निघाले.

मागच्या सोमवारी सकाळी ही दातवाल्याकडे गेली असताना शिंपीणबाई वर आल्या आणि म्हणाल्या, स्वयंपाकघरात सकाळपासून कसला तरी वास येतोय, जरा बघता का. मी गेलो. डोळे मिटले, तीन श्वास घेतले, डोळे उघडून सवयीने शेजारी पाहिलं, तर तिथे मांजर. मांजराच्या तोंडावर हो नाही की नाही नाही. अब्रू वाचवायची म्हणून मी म्हणालो, मशीनच्या तेलाचा वास आहे, आणि जिना चढायला लागलो. सहाव्या पायरीवर आठवलं, बाई बाराच्या सुमारास चहा टाकतात. बारा वाजतच आले होते. ताई, मी पंधरा वर्षांत धावलो नव्हतो. दारात पोचलो तेव्हा बाईंच्या एका हातात लायटर होता आणि दुसरा शेगडीच्या बटणावर.

“बाई, पेटवू नका! मला वास येतच नाही. तीन महिने झाले.”

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि लायटर खाली ठेवला. मग मला कुठून जोर आला कोण जाणे. कॉक बंद केला, दोन्ही खिडक्या उघडल्या, मांजर उचललं, बाईंना बाहेर काढलं, आणि दारांच्या घंट्यांना हात न लावता (विजेच्या ना त्या) बुक्क्या मारमारून सगळ्या घरांना अंगणात आणलं. मास्तर पेटी घेऊन आले, त्यांच्या सूनबाई झाकण ठेवलेलं पातेलं घेऊन. फाटकाबाहेर जाऊन फोन केला. गॅसवाला आला आणि म्हणाला, साबणाचा फेस करून द्या. ताई, माझ्या वाढदिवसाला तू पाठवलेला साबण मी अजून फोडलेला नव्हता. वास येत नाही तर फोडायचा कशाला, म्हणून ठेवून दिला होता. (“काय सुरेख वास!” असं जे मी तुला कळवलं होतं ते खोटं होतं, माफ कर.) तोच आणला. शेगडीमागच्या रबरी नळीवर त्याने फेस लावला, जरासा गॅस सोडला, आणि एका बारीक चिरेतून फुगे यायला लागले. तीन महिने मी त्या नळीपुढे डोळे मिटून उभा राहत होतो. उघडे ठेवले असते तर चीर दिसली असती.

आणि आता वर कडी ऐक. अंगणात शिंपीणबाईंनी सगळ्यांना सांगितलं, की यांनी वास ओळखला म्हणून मी वाचले. माझं वाक्य धाप लागल्यामुळे त्यांना नीट ऐकू गेलं नसावं. मी तोंड उघडलं, पण तोपर्यंत लोक टाळ्या वाजवत होते. येत्या रविवारी सभा आहे आणि मला तहहयात नाक नेमायचं ठरतंय. पाटीवाल्यांनी जिन्याखाली लावायला पाटीही रंगवली आहे. तिच्यावरचं नाक थेट बाबांचं आलंय. जाता येता ते माझ्याकडे बघतं.

असो. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कंबरेला शेक देत जा, पण पाणी झाकण ठेवून तापव.

तुझा बिननाकाचा भाऊ

ता. क. १: एवढं लांबण लावलं ते एका कामासाठी. रविवारी मला नेमलं तर घंट्यांचा विषय कायमचा मिटेल आणि आठ घरं एका मेलेल्या नाकावर झोपतील. आपणहून सांगायला मी तीनदा उठलो, तीनदा बसलो. तू शनिवारी ये. सभेत उभी राहा आणि सगळ्यांसमोर माझी चहाडी कर, बरणीच्या वेळी केलीस तशी. तेव्हा मला दोन धपाटे बसले होते आणि त्या रात्री शांत झोप लागली होती.

ता. क. २: हिला यातलं काही ठाऊक नाही. पत्र पेटीत टाकायला तिच्याच हाती देतो आहे, पण पाकीट पक्कं चिकटवलंय.

ता. क. ३: वन्सं, नमस्कार. पाकीट वाफेवर उघडलं (अंडी उकडत होती, त्याच वाफेवर, वेगळा गॅस जाळला नाही, हे त्यांना कळलं तर सांगा). जळलेल्या दुधाच्या दिवसापासून मला माहीत आहे. शिंपीणबाईंनाही सगळं स्वच्छ ऐकू गेलं होतं. त्या मंगळवारी वर येऊन माझ्यापाशी रडून गेल्या. चहाडी मी केव्हाच केली आहे. आठही घरांत घंट्या बसल्या, आमचीही. यांना ते बंद पडलेलं घड्याळ वाटतं, दोनदा किल्ली शोधून झाली. तरी गुरुवारची फेरी चालू ठेवायचं सगळ्यांनी एकमताने ठरवलंय, कारण आता हे डोळे उघडे ठेवून नळ्या बघतात. रविवारी मात्र यांनी स्वतः बोलावं असं माझ्या मनात आहे. मला न विचारता सहाव्या पायरीवरून मागे वळलेला माणूस तेवढंही करील. तुम्ही मात्र नक्की या. मागचा गुरुवार धरून बारा गुरुवार हलवून हलवून माझी मान धरली आहे. थोडे दिवस तुम्ही हलवा.