कोळसा टाकणाऱ्याची बोली

शनिवार, १४ जून. कॅरी, अमेरिका.

आईला इंग्रजी कळत नाही, म्हणून आज मित्रांसमोर जुना हॉलिवूड सिनेमा मीच मराठीत बोलून दाखवत होतो. नदीवरची वाफेची बोट, गोरा कप्तान. त्याला मी पुणेरी मराठी दिली. आणि भट्टीत कोळसा टाकणाऱ्या काळ्या माणसाला? आमची अकोल्याची वऱ्हाडी. "हाव जी मालक, टाकतो जी!" सगळे खो-खो हसले. मग मला आणखीच चेव आला.

मंडळी गेल्यावर आईने हळूच विचारलं, "बाबू, तो कोयसेवाला माह्यासारखा काहून बोलत व्हता रे?"

तो बिचारा नुसता कोळसा टाकत होता. ती बोली त्याच्या तोंडी मीच घातली.

"अगं, गंमत केली," म्हणालो. तेही पुणेरी मराठीत.