दाखल्याच्या पाठीवरची सही

प्रिय मारिवेल,

दुमागेते बंदराच्या धक्क्यावर बसून लिहितोय. शेजारी एक म्हातारा आपल्या झुंजीच्या कोंबड्याला टोपीने वारा घालतोय, स्वतः मात्र घामाने निथळतोय. पण ते जाऊ दे.

सकाळी गरिबांना फुकट सल्ला देणाऱ्या सरकारी वकीलबाईंकडे गेलो होतो. गुरुवारी तू आपल्या लेकीला, इसायला, कायमची कॅनडाला नेतेस, ते थांबवता येईल का, हे विचारायला. जन्मदाखला ऐटीत पुढे केला. त्याच्या पाठीवर माझी सही आहे ना, मूल माझं म्हणून!

"या सहीने पोरीला तुझं आडनाव मिळालं," बाई म्हणाल्या. "लग्न केलं होतंस?"

"करणार होतो. बोटीवरच्या नोकरीवरून परत आल्यावर."

"आणि मग आलास की नाही परत?"

"आलो की. बऱ्याचदा."

"आपल्या फिलिपिन्सच्या कायद्याने लग्नाशिवाय झालेल्या मुलाचं पालकत्व एकट्या आईचं असतं. तिला तुझी परवानगी लागत नाही. तुला फक्त भेटीचा हक्क."

"आणि ती कॅनडात असली तर?"

"मग कॅनडात जाऊन भेट, बाबा."

सही केली त्या दिवशी तुझी आई म्हणाली होती, "कागदाच्या पाठीमागे उभा राहिलास, आता चर्चमध्ये पुढे उभा राहा." मी हसलो आणि दुपारची बोट पकडली.

चूक तुझी नाही. म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही. इसायच्या पासपोर्टवर माझं आडनाव आहे. विमानात तिच्यासोबत माझं तेवढंच जाईल.

दाखल्याच्या पाठीवरच राहिलेला,
ओंदोय