कागद नसल्याचा कागद

१२ फेब्रुवारी १९९३, शुक्रवार
पनवेल

येत्या सोमवारपासून तहसील कचेरीतल्या नक्कल शाखेचं टेबल माझ्याकडे. लोक जुन्या कागदांच्या नकला मागायला येतात, ते टेबल. म्हणून आठवडाभर, सध्या ते सांभाळणाऱ्या पाटणकरसाहेबांच्या शेजारी बसून काम शिकतेय. आज त्यांनी शिकवलं, "कागद सापडला नाही तर 'शोधतोय' म्हणायचं. लेखी द्यायचं नाही, आपण अडकतो."

तेवढ्यात कोन गावची जानकीबाई आली. वीटभट्टीवर काम करते. झोपडीची जागा सासऱ्याच्या नावावर झाल्याचा कागद तिला हवाय. ही पाचवी खेप. साहेब म्हणाले, "शोधतोय." ती माझ्याकडे वळली. "बाई, हाय का नाय, येवढाच सांगा."

पाचवी खेप! तिला बाकावर बसवलं आणि मीच रेकॉर्ड रूममध्ये शिरले. कोनचे सगळे गठ्ठे सोडले. गाठींवरची धूळ बघूनच कळलं, इथे कोणी काही शोधलेलं नाही. कागद नव्हताच. जागा नावावर झाली त्या वर्षाचा गठ्ठाच नव्हता.

बाहेर येऊन तिला खरं ते सांगितलं. वाटलं, खचेल. ती म्हणाली, "मंग नाय असा लिवून द्या. प्रांतसायबाला दाखवीन."

साहेब सही करेनात. मग मीच तिला सोमवारी, टेबल माझ्याकडे आल्यावर, बोलावलं. म्हणजे सहावी खेप, आणि ती माझ्यामुळे. हे टोचतंय. साहेब रागावलेत, पण त्याचं काही वाटत नाही.

घरी येऊन उत्तर लिहून ठेवलं. 'शोध घेतला. कागद आढळला नाही. त्या वर्षाचा गठ्ठा दप्तरात नाही.' खाली माझं पूर्ण नाव. सही तिच्यासमोरच करीन.