एकाच दिशेला दुखावलेला पाव

मॉन्ट्रियल, ३ नोव्हेंबर
रेआल आज शेर्ब्रुकला भावाकडे राहायला गेला. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला थोडी मोकळीक हवीच. नाताळपर्यंत परत येईल. तोवर रडायचं नाही, असा निश्चय. शाळेत नन म्हणायच्या, धीर धरणाऱ्या मुलीला देव विसरत नाही. देवाला आठवण राहावी म्हणून मेणबत्ती लावली.

५ नोव्हेंबर
आमच्या ॲनिमेशन सिनेमातलं अस्वल पाव तोडतं, तो प्रसंग स्टुडिओने मला दिलाय. कॉम्प्युटरमधला आमचा पाव आडवा ओढला, की सगळीकडूनच ढिला पडतो आणि लापशीसारखा बसतो. आमचा साहेब केवोर्क (मला मुलगा असता तर एवढाच असता) म्हणाला, "ओडील, अस्वलाला चमचा देऊ या का?"
उपाय सुचलाय. पाव मुळात सगळ्या दिशांना सारखाच मजबूत. पण ज्या दिशेला ओढला, त्याच दिशेला कमजोर व्हावा, बाकी धडधाकट. शुक्रवारी संपवते.

९ नोव्हेंबर
शुक्रवार गेला.
रेआलचंही या पावासारखंच आहे. इजा एकाच दिशेची: माझ्याबरोबर राहणं. बाकी धडधाकट. काल फोनवर विचारलंन, हीटर तपासून घेतलास का? जाणारा माणूस हीटरची चौकशी करतो? बहीण जिलेन म्हणाली, "अगं, विमेवालाही करतो." जिलेनला प्रेमातलं कळत नाही. तिचं लग्न टिकलंय.

१४ नोव्हेंबर
रेआल आला होता! माझ्या गाडीला हिवाळी टायर बसवून दिले. कॉफी नको म्हणाला, "हात काळे आहेत." पुढच्या वेळी आधी साबण देईन. स्वतःचे टायर, बूट, जाड कोट घेऊन गेला. साहजिक आहे. शेर्ब्रुकलाही बर्फ पडतोच.

२० नोव्हेंबर
पाव जमला! मधोमध चिरतो, बाकी कवच शाबूत. पुन्हा दाबला की भेग मिटते, वजनही पेलतो. केवोर्कला म्हटलं, "बघ, सांधला!"
"सांधला नाही गं, दाबलाय. ओढून बघ."
ओढला नाही. जेवायची वेळ झाली होती.

२८ नोव्हेंबर
पहाटेपासून बर्फ. दारात बर्फ काढणारा ट्रॅक्टर हजर. मी ठरवलाच नव्हता. रेआलनेच! धावत बाहेर गेले, घरातल्या चपलांनी. चालकाने एका गाडीपुरती जागा साफ केली आणि वळला.
"अहो, आमच्या दोन गाड्या असतात!"
"साहेबांनी एकीचंच सांगितलंय, मॅडम. पुढच्या हिवाळ्याचंही."
दुसऱ्या गाडीची जागा मीच फावड्याने साफ केली. दुपार झाली. आता तिथे बर्फसुद्धा नाही.